परत पाठवलेल्यांची पंगत

"यंदा काठावरचं एक पाखरू बुजू देणार न्हाय!" ग्रामसभेत टेबलावर हात आपटून मी सांगितलं. हात अजून दुखतोय, पण ते जाऊ द्या.

पाखरू म्हणजे रोहित, तुमचे फ्लेमिंगो हो! दर हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर येतात. गेल्या साली हौशी लोकांच्या मोटरबोटी थेट त्यांच्या अंगावर गेल्या आणि अख्खा थवा उठून गेला. यंदाही तसंच झालं असतं तर पाखरं कायमची गेली असती. म्हणून सरपंच या नात्यानं मी नियम काढला आणि काठावर तशी पाटी ठोकली. सकाळी दोनच होड्या, त्याही वल्ह्याच्या. बाकीच्यांनी परत जायचं!

पहिल्याच रविवारी सोलापूरहून एक आजी नातवंडं घेऊन आली. होड्या भरलेल्या. मी "परत जावा" म्हणालो आणि आजीचं तोंड एवढंसं झालं. आता आलेलं माणूस उपाशी कसं पाठवायचं? आमच्या घरात असलं कधी झालं नाही!

"आज्जी, होडी न्हाय, पण भाकरी खाऊन जावा की!"

महानंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चिलापी माशाचं कालवण वाढलं. आजी तृप्त. पाखरंही निवांत. मी स्वतःवरच लई खूश!

आजीनं ही गोष्ट किती जणांना सांगितली देव जाणे. काही दिवसांनी नावाडी प्रभु धापा टाकत आला.

"दादा, होडीत कुणी बसंना! समदी इचारत्यात, परत पाठवत्यात ती रांग कुटली?"

"अरे, जागा हाय म्हणून सांग की!"

"सांगितलं. बसलं तर जेवाण बुडतंय म्हणत्यात!"

अक्कलकोटचे धोंडप्पा तर तिसऱ्यांदा आले होते. मी हाताला धरून होडीकडं ओढलं.

"बॅडा, बॅडा! नको, नको! मला पाण्याची भीती वाटतंय. मला परत पाठवा की!"

अंगणात गाड्या मावेनात. कुणी कालवण पातळ झालंय म्हणे, कुणी पार्सल मागे. महानंदा पहाटेपासून भाकरी थापत होती. शेवटी तिनं परात आपटली.

"पाखरांवर दोनच होड्या सोडायच्या. माज्या चुलीवर किती माणसं सोडायची, त्याचा काय नियम? पाखरांला जपता, मला कुणी जपायचं?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. पण दारात रांग होती. "पुढच्या रविवारी बघू," म्हणून मी सटकलो.

पुढच्या रविवारी तिनंच बघितलं. काठावरची माझी पाटी उपटून तिनं आमच्या दाराला टांगली. दुपारपर्यंत चिखलात उभा राहून, होडीत बसा म्हणून लोकांना हात जोडून मी घरी आलो, तर दाराला आतून कडी!

"महानंदा, उघड. लई भूक लागलीया!"

"आजची दोन ताटं उठली. परत जावा."

"अगं, मी घरचा हाय!"

"समदी तसंच म्हणत्यात."

"पण परत पाठवलेल्याला जेवायला घालायची रीत हाय की आपली!"

"हाय की. ज्यानं काढली त्यानं घालावं!"

पायरीवर बसलो. समोर पाण्यात रोहित निवांत चरत होते. पोटभर. एकानंही मान वर करून माझ्याकडं बघितलं नाही.