माझ्या फोनचा परदेश दौरा

स्वतःच्या कानाबद्दल चार ओळी गुपचूप वाचाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. तिच्यापायी माझा फोन एका दुपारी तीन देश फिरून आला आणि बायकोने मला ओळखायला साफ नकार दिला.

मी बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर कारकून आहे. लोक येतात, काय हरवलं ते सांगतात, मी रजिस्टरात लिहितो आणि मागच्या फडताळात शोधतो. एकवीस वर्षं हे काम मी बिनबोभाट केलं. (आमच्या खिडकीशी बोभाटा करण्याइतका वेळ कुणी थांबतही नाही.) गेल्या तीन महिन्यांत मात्र माझ्या डाव्या कानाने हळूहळू काम बंद केलं. एके दिवशी एक वयस्कर बाई तोंडावर रुमाल धरून आल्या आणि म्हणाल्या, "माझी कवळी हरवली." मला ऐकू आलं, सावली हरवली. मी त्यांना सहानुभूतीने सांगितलं की दुपारी बाराच्या सुमाराला सगळ्यांचीच हरवते, संध्याकाळपर्यंत परत येईल. बाई संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी मला आत बोलावलं आणि पुन्हा असं झालं तर मागच्या गोदामात छत्र्या राखायला बसवीन, असं शांतपणे सांगितलं. हे मात्र मला नीट ऐकू आलं, कारण ते उजव्या बाजूला बसतात.

सरळ डॉक्टरकडे जायला हवं होतं, हे मान्य. पण माझं वय बावन्न. कानाला यंत्र लावलेला माणूस डोळ्यांसमोर आणला की त्याच्या हातात आपोआप काठी यायची. तेव्हा आधी फोनवर वाचून बघू, असं मी ठरवलं आणि 'एका कानाने कमी ऐकू येणे' असं शोधलं. दुसऱ्या दिवशी बायकोच्या टॅबलेटवर कानाच्या यंत्रांच्या जाहिराती सुरू झाल्या. आमच्या घरात फोन-टॅबलेटचं खातं एकच, त्यामुळे एकाने काय शोधलं याचा वास दुसऱ्याला लागतो. बायको शाळेत गणित शिकवते. तिने विचारलं, हे कुणासाठी? मी घाईत म्हणालो, तुझ्या बाबांसाठी.

सासरेबुवा एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना शेजारच्या घरात कुजबुजलेलंही कळतं. बायकोने त्यांना प्रेमाने फोन केला. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. (हा भाग वाईट नव्हता.)

यापुढे जे वाचायचं ते कुणाला पत्ता न लागता वाचायचं, असा मी निश्चय केला. आमच्या शेजारच्या पास-खिडकीवर एक सहकारी आहे. त्याने एकदा अडकलेला प्रिंटर थोपटून सुरू केला, तेव्हापासून सगळे त्याला तज्ज्ञ म्हणतात. मी त्याला 'एका मित्राची अडचण' म्हणून सांगितलं. तज्ज्ञाने तत्काळ माझा फोन हातात घेतला. ब्राउझरची खासगी खिडकी उघडली की फोन तुझं शोधलेलं विसरतो, पण बाहेरच्यांना कळायचं ते कळतंच, असं त्याने समजावलं. म्हणून त्याने एक ॲपही टाकलं. त्यातून आपण दुसऱ्याच देशातून बोलतोय असं भासतं आणि दर दहा मिनिटांनी देश बदलतो. शेवटी त्याने एक महत्त्वाची सूचना दिली. ती त्याने माझ्या डाव्या बाजूने दिली. तो म्हणाला होता, "वाचून झालं की बंद कर, सगळं यातून चालू ठेवू नकोस." माझ्यापर्यंत पोचलं ते "सगळं यातून चालू ठेव".

मी ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत फडताळामागे स्टुलावर बसून मी वाचायला घेतलं. पहिलं पान उघडलं ते कुठल्याशा बर्फाळ देशाच्या भाषेत. अक्षरांवर टिंबं आणि गोल होते. कानाचं चित्र तेवढं ओळखता आलं. दहा मिनिटांनी भाषा बदलली आणि मी एका बेटावर पोचलो. तिथल्या जाहिराती होड्यांच्या होत्या. माझ्या कानाचा मागमूस कुणाला लागत नाही, याचं मला इतकं समाधान वाटलं की मला स्वतःलाही काही कळत नाहीये, हे लक्षात आलं नाही.

तिकडे स्टाफरूममध्ये बायकोला सूचनेमागून सूचना येत होत्या. तुमचं खातं बर्फाळ देशात उघडलं गेलं आहे. तुमचं खातं बेटावर उघडलं गेलं आहे. तिसरा देश आल्यावर तिने पेन खाली ठेवलं. गणिताची बाई ती. डेपोच्या फडताळामागे बसलेला माणूस अर्ध्या तासात तीन देशांत जाऊ शकत नाही, हे तिने सिद्ध केलं आणि 'हा मी नाही' असं बटण दाबलं. माझा फोन खात्यातून बाहेर फेकला गेला. मग तिने सगळ्या नातेवाइकांना आणि माझ्या साहेबांना कळवलं की ह्यांचा फोन चोरांच्या हाती लागला आहे, ह्यांच्या नावाने काहीही आलं तर उघडू नका.

नेमके त्याच दुपारी साहेब मुख्य कार्यालयात बैठकीला होते आणि वर्षभरात सापडलेल्या वस्तूंची यादी त्यांना माझ्याकडून हवी होती. मी ती डेपोच्या संगणकावरून वेळेवर पाठवली. खाली लिहिलं, लगेच उघडून बघावी. साहेबांनी ती लगेच पुसून टाकली आणि बैठकीत रिकाम्या हाताने बसले.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फोन नीट वागेनासा झाला म्हणून मी बायकोला साधा कॉल लावला. तिने तो स्पीकरवर घेतला, कारण साक्षीदार हवेत. मी म्हणालो, अगं मी बोलतोय. ती म्हणाली, हल्ली आवाजाची नक्कल कुणीही करतं. मग तिने परीक्षा घेतली.

"आपण पहिल्यांदा कुठे भेटलो?"

फोन माझ्या डाव्या कानाला होता. मला ऐकू आलं, पहिल्यांदा कुठे भांडलो. अशा प्रश्नाचं नवल वाटलं, पण उत्तर पाठ होतं.

"फर्निचरच्या दुकानात. तुला दोन दारांचं कपाट हवं होतं. तुझे बाबा मध्ये पडले म्हणून वाढलं."

मग ती म्हणाली, "चूक," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी गेलो तर दार सासरेबुवांनी उघडलं. मुलीला धीर द्यायला ते आले होते. आत बायको वहीत घटनाक्रम लिहीत बसली होती. मी दोघांसमोर सगळं सांगून टाकलं: कान, कवळी, बर्फाळ देश, फडताळ. सासरेबुवांबद्दल खोटं बोललो तेही सांगितलं. ते टीव्हीकडे वळले, पण आवाज बंद ठेवून बघत राहिले.

बायको रागावेल असं वाटलं होतं. ती वही मिटून उजव्या बाजूला येऊन बसली.

"तीन महिने मी हाका मारतेय," ती म्हणाली. "तुम्ही वळूनसुद्धा बघत नव्हतात. मला वाटलं, आता माझं ऐकायचंच नसतं तुम्हाला."

मी म्हणालो की ऐकायचं असतं. ती म्हणाली, मग उद्या डॉक्टरकडे. साहेबांनाही तिनेच फोन करून खरं सांगितलं. साहेबांनी कान दुरुस्त होईपर्यंत गोदाम लांबणीवर टाकलं.

डॉक्टरांनी कानात दिवा धरला, बारीक चिमटा घातला आणि कापसाचा एक जुना, काळपट बोळा बाहेर काढला. मागे कान दुखला तेव्हा मीच दोन्ही कानांत बोळे घातले होते आणि बहुधा एकच आठवणीने काढला होता. डॉक्टरांनी बाकी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. बायको तो बोळा बराच वेळ पाहत राहिली आणि काहीच बोलली नाही, हे मला फार स्पष्टपणे ऐकू आलं.

जग एकदम मोठ्याने बोलू लागलं होतं. पंखा, खुर्चीची करकर, रस्त्यावरची सायकलची घंटा. मी हलका होऊन उठलो, शर्ट नीट केला आणि दाराशी पोचलो. बाहेर कंपाउंडर पुढच्या पेशंटला अगदी हळू आवाजात सांगत होता, "दोन मिनिटं थांबा, आतले आजोबा बाहेर आले की तुमचाच नंबर."

शब्द न् शब्द ऐकू आला. दोन्ही कानांनी.