नानांचे आफ्रिकेतले बैल

आमच्या साहेबाचं इंग्रजी पत्र पोर्तुगीजमध्ये उतरायच्या आधी साक्रीकडच्या गाडीवानाला विचारलं जायचं, हे साहेबाला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर त्यानं नानांना आणि मलाही हाकलून दिलं असतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. धुळ्यातल्या एका विलायती पेढीत पत्रांच्या नकला ठेवायचं काम मी करायचो. पेढीच्या मिरच्या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखात जायच्या. नाना मूळचे गोव्याचे, पोर्तुगीज शाळेत शिकलेले, म्हणून भाषांतराला ठेवलेले. बाराही महिने मिरच्यांनी शिंकत बसलेला तो बारीक चणीचा माणूस माझ्या शेजारच्या टेबलाशी असे.

साहेब सरळ बोलेल तर शपथ! पावसाचं लिहिलं की त्याच्या पत्रात कुत्री-मांजरं पडायची. नाना खूश. "बघ, याच्याकडे कुत्री, तुमच्याकडे मुसळं, पोर्तुगीजांकडे घागरी! घागरी बऱ्या, निदान भरून तरी घेता येतात."

त्यांचं एक ठाम मत होतं. इंग्रजी बोलणं थेट पोर्तुगीजमध्ये नेलं की आजारी पडतं. "वाटेत धुळ्याला मुक्काम पाहिजे त्याचा," असं म्हणून ते कागद घेऊन अंगणात जात आणि मिरच्यांची पोती उतरवणाऱ्याला अडवत.

एकदा साहेबानं तिकडच्या व्यापाऱ्याला 'तुमचे घोडे आवरा' असं लिहिलं, म्हणजे घाई करू नका. नानांनी गाडीवानाला गाठलं. "भाऊ, कोणी उगाच घाई करतो तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"नाना, तुमले काही काम शे का नही?" तो वैतागला. "काय म्हनणार? बैलले जरा दम खाऊ दे, दुसरं काय!"

नानांना ते इतकं आवडलं की त्यांनी बैलच पोर्तुगीजमध्ये घातले. महिना-दीड महिन्यानं उत्तर आलं: 'मिरच्या पोचल्या. बैल अद्याप आलेले नाहीत. वाट पाहत आहोत.'

नानांचा चेहरा आधी पडला, मग ते इतके हसले की शिंका थांबल्या. साहेबाला त्यांनी इंग्रजीत एवढंच सांगितलं, मिरच्या पोचल्या. पुढच्या पत्राच्या शेवटी मात्र गुपचूप लिहून टाकलं, 'बैल वाटेत आहेत, ऊन फार आहे.' उत्तर आलं, 'चारा काढून ठेवला आहे.'

झालं! दहा-बारा वर्षं हा उद्योग चालला. तिकडेही असाच कोणी कारकून असणार. अक्षर तिरपं, सुरेख. खाली सही मात्र मालकाची. टपालात ते अक्षर दिसलं की नाना कोट झटकून ताठ बसायचे. मी चिडवायचो, "नाना, सासुरवाडीचं पत्र आलं वाटतं!"

मग एके दिवशी साहेबानं ठरवलं, यापुढे हा व्यवहार मुंबईहून, थेट इंग्रजीत. तसं कळवणारं शेवटचं पत्र नानांकडे आलं. चार ओळींचं. चार दिवस ते त्यांच्या टेबलावर पडून राहिलं. नाना अंगणात गेले नाहीत, कोणाला काही विचारलं नाही.

"काय नाना, या वेळी धुळ्याला मुक्काम नाही?"

"अर्थ कळतो मरे," ते म्हणाले. "म्हणून तर हात चालत नाही."

पाचव्या दिवशी पत्र माझ्याकडे नकलेला आलं. मला पोर्तुगीजचं ओ की ठो कळत नाही, पण ओळी मोजता येतात. चार ओळींच्या सहा झाल्या होत्या. मी नुसतं वर पाहिलं.

"माझ्या खोलीचा पत्ता दिला," नाना चोरासारखे पुटपुटले. "आणि विचारलं, आपलं नाव काय? इतकी वर्षं झाली, मला त्याचं नावच ठाऊक नाही रे."

मी सहाही ओळी उतरवून घेतल्या. नक्कल वहीत जाऊन बसली, मूळ पत्र टपालात गेलं. साहेबानं ओळी मोजल्या नाहीत.

दोन महिने काही आलं नाही. तीन झाले. नानांची चेष्टा करायची मला सोय उरली नाही. मग एका रविवारी सकाळी ते स्वतः माझ्या दारात उभे. "चल माझ्या खोलीवर." एवढंच म्हणाले.

गेलो. खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक कपबशी. इतकी वर्षं शेजारी बसलो आणि एकदाही इथे आलो नव्हतो, याची मला लाज वाटली. नानांनी पाकीट पुढे केलं. आतला कागद चक्क मराठीत होता!

"शाबी नाव त्याचं. गोव्याचाच, आमच्या नदीच्या पलीकडच्या काठचा," नाना हसत होते आणि डोळे पुसत होते. "होडीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती! आणि दोघे मेले पोर्तुगीजमध्ये बैल हाकत होतो!"

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'तुमचं पत्र आलं की मी ते मालकाला दाखवायच्या आधी घरी नेत असे. बायको-मुलांना वाचून दाखवत असे.'

मी पत्र परत दिलं आणि उठू लागलो. नानांनी माझा हात धरला.

"बस ना जरा. त्याच्या घरी ऐकायला माणसं आहेत. मी कोणाला वाचून दाखवू?"

खुर्ची त्यांनी मला दिली, स्वतः खाटेवर बसले, घसा साफ केला आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली. मी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा वाचा, असं मीच म्हणालो.