कधी नाही?

"इन जनरल," ढोबळसर पडद्यावरचं वाचत म्हणाले, "कामाला उत्तम. पण इन जनरल, टीमशी जुळवून घेत नाहीत." वाचून झाल्यावर त्यांनी भिंगताईंकडे इतकं प्रेमळ हसून पाहिलं, की जणू ते वाक्य दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं होतं.

वार्षिक शेऱ्यातलं वाक्य सलग तिसऱ्या वर्षी तेच होतं. स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नव्हता. भिंगताई त्या कंपनीत टेस्टर होत्या. इतरांनी लिहिलेला प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हे त्यांचं काम, आणि ते त्या इतक्या कडकपणे करत की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. टेस्टिंगच्या प्रमुखाची जागा यंदा रिकामी झाली होती. ती ताईंनाच मिळायला हवी, हे मॅनेजर असलेल्या ढोबळसरांपासून खालच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना मान्य होतं. आडवं येत होतं ते हे एक वाक्य.

"कोणाशी जुळवून घेत नाही मी?" ताईंनी विचारलं.

"असं एकाचं नाव नाही हो घेता येत. जनरली."

"बरं, कधी घेतलं नाही?"

"तारीखवार कसं सांगणार? ऑन द होल म्हणतोय मी."

"एक उदाहरण द्या, सर. एकच."

"उदाहरणावर जाऊ नका," सर म्हणाले. "भावना लक्षात घ्या."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि का जाऊ नये? चोराला कोंडायचं तरी त्याने काय चोरलं ते सांगावं लागतं. इथे बाईची बढती अडवायला दोन इंग्रजी शब्द पुरत होते! आणि हे एकट्या ढोबळसरांचं नव्हतं. त्या सबंध ऑफिसात गेल्या कित्येक वर्षांत कोणी सरळ उत्तर दिलं नव्हतं. झालं का विचारलं, की 'मोअर ऑर लेस'. चालतं का, की 'बाय अँड लार्ज'. असं का केलंत, की 'अ‍ॅज अ रूल आम्ही असंच करतो'. मराठीत 'बहुतेक झालंय' म्हटलं तर ऐकणारा लगेच धरतो, 'बहुतेक म्हणजे?' तेच इंग्रजीत म्हटलं की तोच माणूस मान डोलावतो आणि चहा प्यायला जातो. अर्धवट कामाला सुटाबुटात बसवायची ही युक्ती ज्याने शोधली, त्याला एकदा समोर उभं करून जाब विचारावा असं कोणालाही वाटेल.

घरी गेल्यावर ताईंनी नवऱ्याला विचारलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा.

"तूच सांग. मी माणसांशी जुळवून घेत नाही?"

नवऱ्याने तोंडातला घास गरजेपेक्षा जास्त वेळ चावला. "सर्वसाधारणपणे घेतेस," तो म्हणाला.

पुढचं जेवण अगदी शांततेत झालं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मोरूला गाठलं. हा त्यांच्या टीममधला प्रोग्रामर. कशालाही 'मोअर ऑर लेस' म्हणतो म्हणून लोकांनी त्याचा मोरू केला होता, आणि त्यालाही ते मोअर ऑर लेस मान्य होतं.

"मला एक गोष्ट करून दे," ताई म्हणाल्या. "ऑफिसच्या चॅटवर कोणी जनरली, बाय अँड लार्ज, ऑन द होल असलं काही लिहिलं, की खाली आपोआप प्रश्न आला पाहिजे. 'कधी नाही?' एवढाच. आणि लिहिणाऱ्याने उत्तर दिलं नाही, तर त्या कामातल्या दुरुस्त न झालेल्या चुका यंत्रानेच शोधून खाली टाकायच्या. मी नोंदवलेल्या."

मोरूचे डोळे चमकले. नेमून दिलेलं काम सोडून दुसरं काहीही करायला मिळालं की प्रोग्रामर खूश असतो. "एक नंबर! पण सरांना विचारलंत?"

ताईंनी सरांना विचारलं होतं. 'ग्रुपवर एक छोटं यंत्र लावू का?' या त्यांच्या प्रश्नाला सरांनी पूर्ण न वाचताच उत्तर दिलं होतं, की जनरली माझी हरकत नसते.

"मग सगळ्या ग्रुपवर लावू?" मोरूने विचारलं.

"सगळ्या," ताई करवादल्या. "जनरली सगळ्या नव्हे. सगळ्या!"

यंत्राचं नाव चिमटा ठेवलं. जेवणाच्या सुट्टीआधीच ते सुरू झालं आणि पहिला चिमटा बसला तो मोरूलाच.

"पैसे भरायचं पान मोअर ऑर लेस तयार आहे," त्याने सवयीने लिहिलं.

"कधी नाही?" चिमट्याने विचारलं.

मोरूने थोडा वेळ डोकं खाजवलं. मग त्याने खरं ते लिहिलं, "मागे जाण्याचं बटण दाबलं तर दोनदा पैसे कापतं." असं खरं लिहिताना त्याला लहानपणी बर्फाच्या पाण्यात पाय घातल्यासारखं वाटलं म्हणे. आधी शहारा आला, मग बरं वाटलं. त्याने संध्याकाळपर्यंत ते बटण दुरुस्तही केलं.

पण सगळे मोरू नसतात. रजा मंजूर करणाऱ्या बाईंनी लिहिलं, "अ‍ॅज अ रूल, रजेच्या अर्जाला त्याच दिवशी उत्तर मिळतं." चिमट्याने विचारलं, कधी नाही? त्याचं उत्तर बाईंनी दिलं नाही, बाकी सगळ्या ऑफिसने दिलं. कोणी आपल्या साखरपुड्याला रजा मिळाली नाही ते लिहिलं, तर एकाने दाढदुखीवर रजा मागितली होती आणि ती मंजूर होईपर्यंत दाढ पडूनही गेली होती. बाई दाराची कडी लावून आत बसल्या.

"हे जरा फार होतंय हो," ढोबळसर ताईंना म्हणाले.

"कोणाला होतंय, सर?" ताईंनी विचारलं. सर आल्या पावली परत गेले.

खरी आग लागली ती वेगळ्याच ग्रुपवर. कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक लाँड्रीवाल्या बाई. शहरभर त्यांची दुकानं होती, आणि कोणाचा कपडा कुठे आहे, धुतला का, परत गेला का, हे सगळं मोरूचा प्रोग्राम सांभाळायचा. त्यांच्याशी बोलायचा एक वेगळा ग्रुप होता. सगळ्या म्हणजे सगळ्या ग्रुपवर चिमटा लावला होता, तेव्हा तो तिथेही बसला होता, हे ढोबळसरांना माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीच्या ऐटीत लिहिलं, "बाय अँड लार्ज, प्रत्येक कपडा बरोबर माणसाकडे पोचतो."

"कधी नाही?"

सर घाबरून गप्प बसले. तेच चुकलं. उत्तर आलं नाही म्हणताना चिमट्याने ताईंनी नोंदवलेल्या चुका एकेक करून लाँड्रीवाल्या बाईंसमोर मांडल्या. एकाच आडनावाच्या दोन गिऱ्हाइकांचे पांढरे शर्ट एकमेकांत मिसळतात. पडद्यांची जोडी फुटते. आणि कोट गोदामातच पडून राहिला, तरी प्रोग्राम 'परत दिला' असं दाखवतो.

लाँड्रीवाल्या बाईंचा फोन लगेच आला. "कोट? कसला कोट?" एवढंच ओरडून त्यांनी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच ऑफिसात आल्या. हातावर एक राखाडी कोट होता. सरांच्या काचेच्या केबिनमध्ये शिरून त्यांनी तो टेबलावर आपटला.

"गोदामातून निघाला! हा माझ्या जावेचा कोट. ती म्हणत होती, मला मिळाला नाही. तुमचा प्रोग्राम म्हणत होता, दिला. मी प्रोग्रामवर विश्वास ठेवला आणि भरल्या घरात तिला खोटारडी म्हटलं! वर्ष झालं, ती माझ्या घराची पायरी चढलेली नाही. आणि तुम्हाला ही चूक ठाऊक होती?"

"इन जनरल, टेस्टिंगच्या पातळीवर..." सरांनी सुरुवात केली.

"पातळी नको, माणूस सांगा. कोणी शोधली ही चूक?"

"मी," आरडाओरडा ऐकून आत आलेल्या भिंगताई म्हणाल्या. मोरू त्यांच्या मागे उभा होता. "कधीच नोंदवली होती. सरांनी लिहिलं, जनरली असं होत नाही."

लाँड्रीवाल्या बाईंनी ताईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि मग सरांकडे वळल्या. "आजपासून माझं काम या बघतील. यांना प्रमुख करा. नाहीतर मी दुसरी कंपनी बघते."

"अहो, जनरली आमचाही तोच..."

"जनरली?"

"नक्की! अगदी नक्की! आजच करतो." सरांनी घाम पुसला.

बढती पदरात पडली होती. शहाण्या बाईने इथे आभार मानून बाहेर पडावं की नाही? पण तीन वर्षांचा राग पोटात घेऊन माणूस असा मुकाट्याने बाहेर पडत नाही. ताई खुर्ची ओढून बसल्या.

"आधी माझ्या फाइलमधलं ते वाक्य काढा, सर."

"राहू द्या हो आता. बढती झाली ना?"

"नाही. ते वाक्य खोटं आहे. मी टीमशी जुळवून घेत नाही म्हणे! कधी नाही? एक उदाहरण द्या, नाहीतर पुसून टाका. यांच्यासमोर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सर टेबलावरच्या कोटाची घडी नीट करू लागले. बोलला मोरू. चिमट्यामुळे त्याला खरं बोलायची गोडी लागली होती.

"मी सांगू? माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर सगळ्यांनी शुभेच्छा लिहिल्या. तुम्ही फक्त बाकीच्यांचं शुद्धलेखन दुरुस्त केलंत."

"चुका होत्या त्यात!" ताई उसळल्या.

"हो, होत्या. पण तुमच्या शुभेच्छा नव्हत्या ना, ताई."

"आणि माझी पाठ धरली होती," ढोबळसर हळूच म्हणाले, "तेव्हा तुमचा फोन आला. मला बरं वाटलं. तर तुम्ही विचारलंत, 'दुखतंय ती पाठ की कंबर? अर्जात पाठ लिहिलंय.'"

"कंबरच होती ती! तुम्हीच हात लावून दाखवलं होतंत आदल्या दिवशी!"

"कंबरच होती," सर म्हणाले.

दार उघडंच होतं. रजावाल्या बाई केव्हाच कडी काढून तिथे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मला मुलगी झाली तेव्हा मी फोटो दाखवला," त्या म्हणाल्या. "अगदी माझ्यासारखी आहे म्हटलं. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, 'कान सोडून.'"

"पण कान खरंच वेगळे..." ताई म्हणू लागल्या. इतका वेळ त्या प्रत्येक घाव परतवत होत्या, आणि प्रत्येक वेळी तो घाव खरा असल्याचं स्वतःच सिद्ध करत होत्या, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. त्या फोटोच्या वेळी बाईंचा चेहरा कसा पडला होता, ते त्यांना आत्ता आठवलं. तेव्हा त्या कान बघत होत्या.

लाँड्रीवाल्या बाईंनी टेबलावरचा कोट उचलून पुन्हा हातावर घेतला. "बढती द्याच यांना," त्या म्हणाल्या. "पण माझ्या जावेची समजूत घालायला मी एकटीच जाते."

त्या गेल्यावर सरांनी खाकरून फाइल उघडली. "मग काय करू? वाक्य काढू? की आता ही उदाहरणं नेमकी लिहू? तुम्हीच म्हणता, नेमकं हवं."

ताईंनी नखाने टेबलाची कड खरवडली. तीन वर्षं हा माणूस ते दोन शब्द लिहून ताईंचीच अब्रू झाकत होता, हे आता कळून काय उपयोग! "तेच राहू द्या," त्या पुटपुटल्या. "थोडं सौम्य करा, जमलं तर."

"वा! 'इन जनरल, जुळवून घेतात' लिहितो. झालं?" सरांचा जीव भांड्यात पडला. त्याच उत्साहात त्यांनी फोन काढून ऑफिसच्या ग्रुपवर बातमीही टाकली, "टेस्टिंगच्या नव्या प्रमुखांचं अभिनंदन! कामाला उत्तम, आणि ऑन द होल, सगळ्यांशी जुळवून घेतात."

सगळ्या ऑफिसातले फोन एकदम वाजले. ताईंनी आपल्या फोनकडे पाहिलं. सरांच्या वाक्याखाली चिमट्याचा प्रश्न आला होता. काचेपलीकडे प्रत्येक टेबलावर एकेक डोकं खाली झुकलं आणि अंगठे चालू लागले.

"मोरू," ताई घाईने म्हणाल्या, "ते यंत्र बंद कर."

"आत्ता? का हो ताई? कुठे चूक निघाली?"

ताईंनी काचेपलीकडे पाहिलं, मग मोरूकडे पाहिलं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "असंच आपलं."