शेळीची छाटणी

सात रस्त्याजवळच्या आपल्या परसात विरुपाक्षअप्पा कात्री घेऊन उभे राहिले, की सप्ताळूच्या, म्हणजे पीचच्या, झाडाऐवजी तेच थरथरत. रोप देताना पुण्याच्या माळ्याने बजावलं होतं, "थंडीत पाणी तोडा, फांद्या निर्दयपणे छाटा, तरच फळ धरेल." पण अप्पांनी ते झाड पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. डहाळीवरून हात फिरवायचे आणि कात्री पुन्हा खुंटीला अडकवायचे. पाणी मात्र दोन्ही वेळा. झाड नुसतं माजलं होतं. फळाच्या नावाने पूज्य.

"अवो, पाला किती वर्सं बघायचा?" महानंदाबाई एकदा कावल्याच. "ह्या उन्हाळ्यात फळ न्हाय आलं, तर हे काढून हितं शेवगा लावणार बगा मी. शेंगा तरी खाऊ."

"लाव की!" अप्पा तोऱ्यात बोलून गेले, आणि संध्याकाळी झाडाला एक बादली जास्त ओतून आले.

मार्गशीर्षात अप्पा एकटेच भाच्याच्या लग्नाला माढ्याला गेले. परत येऊन बघतात, तर झाडाचा खराटा! शेजारच्या मायाक्काच्या शेळीने पाला, कोवळे शेंडे, सगळं फस्त केलं होतं.

"दार उघडं राह्यलं वाटतं," महानंदाबाई पदर सावरत म्हणाल्या.

त्यानंतर अप्पांना परसात पाऊल टाकवेना, मग पाणी कुठलं घालतात!

माघात महानंदाबाईंनीच हाक मारली, "अवो, भाईर या की!"

खराटा गुलाबी फुलांनी लहडला होता. वैशाखात फळं उतरली, गोड आणि रसाळ. पहिलं फळ अप्पांनी शेळीला चारलं. "माळ्यांनी हिच्याकडं शिकवणी लावावी!" असं ते गल्लीभर सांगत सुटले.

पुढच्या मार्गशीर्षात अप्पा गूळ घेऊन शेळीला आमंत्रण द्यायला गेले. मायाक्का पोट धरून हसली.

"अप्पा, येवढ्या उंच शेंड्याला शेळीचं तोंड कुटं पोचतंय? वैनीच फांद्या वाकवून धरत हुत्या की!"

अप्पांना भरून आलं. आपल्याला जे जन्मात जमलं नाही, ते या बाईने मन घट्ट करून केलं, आणि श्रेय मात्र शेळीला घेऊ दिलं! धन्य ती! घरी येऊन त्यांनी कात्री बायकोच्या हातात ठेवली.

"झाडाचं येवढं कळतंय तुला, आन् कधी बोलली न्हाईस?"

महानंदाबाईंनी कात्रीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं.

"कळतंय कशाचं? मला शेवगा लावायचा हुता."