पंधरा दिवसांत खुलासा करावा

गादीवाल्याचा घटस्फोट शेवटी झाला नाही. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. त्यालाही अजून माहीत नाही, आणि त्याच्या आधी तुम्हाला कळलं तर त्याला वाईट वाटेल.

तर घटस्फोट होणारच होता! वकीलबाईंसमोरच्या खुर्चीत पाय पसरून गादीवाला म्हणाला, "वर्षभर वेगळं राहायचं ना? डाव्या हातचा मळ! मी निम्मं आयुष्य झोपेत काढलंय. मी घरात असतोच कुठे?"

"तीच तर तक्रार आहे," बायको म्हणाली.

तक्रार खरी होती. जन्मभर कापूस पिंजला की थोडा डोक्यातही जातो. दुकानात सदा पुंजके तरंगायचे. ऊनसुद्धा आत येताना चपला बाहेर काढून यायचं. बायको गादीला टाके घालत काही सांगू लागली, की पहिल्या स्वल्पविरामालाच याची मान कलायची. एकोणीस वर्षांत तिचं एकही वाक्य त्याने शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. "अहो, आपण घटस्फोट घेऊया का?" हेही तिने असंच विचारलं. याने पेंगेत "हं" म्हटलं. आणि गादीवाला शब्दाचा पक्का. एकदा हं म्हणजे हं!

वकीलबाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. "दोघं राजी असाल तर हा रस्ता. नसाल तर एकाने दुसऱ्याचा दोष पुराव्यानिशी सिद्ध करायचा. किंवा लग्न तसंच ठेवून नुसता वेगळं राहायचा हुकूम घ्यायचा."

"झोप हा दोष धरतात?" बायकोने आशेने विचारलं.

"धरला तर गावात एक लग्न उरायचं नाही! संमतीनेच घ्या. एका छपराखाली राहिलात तरी चालेल, पण चूल वेगळी, अंथरूण वेगळं. आणि बोलायचं ते माझ्यामार्फत. लेखी."

अर्ज कोर्टात गेला आणि घराच्या मधोमध पडदा लागला. आठवड्याने गादीवाल्याला नोटीस आली.

"आपणास कळविण्यात येते की, आमच्या अशिलांना लहानपणी जिराफाची भीती वाटत असे. पंधरा दिवसांत खुलासा करावा."

गादीवाला हादरला. नोटीस वाचताना डोळा लागला तर? सरळ तुरुंग! तोंडावर पाणी मारून त्याने ती तीनदा वाचली आणि उत्तर धाडलं, "मजकूर अंशतः मान्य. जिराफ नेमका कुठे भेटला, याचा तपशील द्यावा."

तपशील आला. अडीच पानं! पाठोपाठ दुसरी नोटीस: आमच्या अशिलांना ढग पाहिले की एखादी गादी उसवून आलो आहोत असे वाटते. मग तिसरी, पोहायला शिकायचं राहून गेल्याची.

"अहो बाई, हे कायद्यात बसत नाही!" वकीलबाई कळवळल्या.

"बसवा," बायको म्हणाली. "पहिल्यांदाच पोचतंय."

अकरावा महिना लागला आणि एक गिऱ्हाईक जोडगादीसाठी हटून बसलं. जोडगादी दोघांनी निजून तपासायची, हा धंद्याचा नियम. एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला पत्ता लागता कामा नये.

"कामापुरते आडवे व्हा," वकीलबाई म्हणाल्या. "मध्ये मी बसते, साक्षीदार म्हणून. पण झोप लागली तर अकरा महिन्यांचं मुसळ केरात!"

तिघं गादीवर चढले. दुपार कापसासारखी हळूहळू खाली बसत होती. वकीलबाई बसल्या, टेकल्या, घोरल्या.

"अगं," गादीवाला त्यांच्यावरून कुजबुजला, "त्या जिराफाचं पुढे काय झालं?"

एकोणीस वर्षांत कुणी 'पुढे काय झालं' विचारलं नव्हतं! बायको सांगू लागली. जिराफ कुंपणावरून वाकला, त्याच्या पापण्या एवढ्या लांब होत्या, आणि मग तो... इथे तिचाच डोळा लागला.

नेमक्या तेव्हाच कोर्टाच्या समुपदेशक बाई तपासणीला आल्या. "याला वेगळं राहणं म्हणतात?"

"शू!" टक्क जागा गादीवाला म्हणाला. "वाक्य अर्धं राहिलंय. आत्ता उठेल ती."

बाई वाट बघायला कडेला टेकल्या. गादी उत्तम साधली होती. पाच मिनिटांत त्याही गेल्या! अख्खा कायदा एका ओळीत घोरत होता आणि त्याच्या उशाशी गादीवाला एकटा जागा, जिराफाची वाट बघत.

उठल्यावर समुपदेशक बाईंनी केस सारखे करून निकाल दिला. "आजपासून वर्ष पुन्हा मोजा. नाहीतर अर्ज मागे घ्या आणि सुखाने नांदा."

"मागेच घेतो!" गादीवाला म्हणाला. मग थबकला. "आणि नोटिसा?"

"त्या कशाला आता? घरात बोला की."

"तोंडी?" दोघांचे चेहरे पांढरे पडले.

"तोंडी मला माझाच भरवसा नाही गं," तो म्हणाला.

तिने वकीलबाईंचं पेन घेतलं. दोघांनी मिळून अर्ज लिहिला आणि खाली सह्या केल्या:

"सबब, न्यायालयास नम्र विनंती की, अर्जदारांस घटस्फोट देण्यात येऊ नये, तथापि सदर प्रकरण उभयतांच्या हयातीत निकाली काढण्यात येऊ नये."