संयुक्त पथक आणि एक छत्री

निवृत्त ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं असं एकच पत्र होतं, आणि नेमकं तेच त्यांना रोज दाढी करताना आठवायचं. पत्र सीमेपलीकडच्या मित्राचं होतं. तो तिकडे भूगोल शिकवायचा. तरुणपणी एका पुस्तकातल्या चुकीच्या नकाशावरून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला, तो पुढे थांबलाच नाही. हल्ली दोन्ही देशांनी मिळून एकच सैन्य उभारावं अशी चर्चा चालली होती, आणि मित्राची नात नुकतीच सैन्यात भरती झाली होती. त्यानं लिहिलं होतं, ‘तुला काय वाटतं? वेळ आली तर तुमची माणसं माझ्या नातीसाठी धावून येतील का? पुस्तकातलं सांगू नकोस, तुझं सांग.’

इथेच घोडं अडलं होतं. पुस्तकातलं विचारलं असतं तर ग्रंथपालांनी तळटिपांसकट पानंच्या पानं लिहून काढली असती. पण स्वतःचं मत? चहात साखर किती हवी, हेसुद्धा त्यांच्या वतीनं बायकोच सांगायची.

अशात शेजारच्या इमारतीतले पितळी नळ चोरीला गेले. पाठोपाठ ग्रंथपालांच्या इमारतीतलेही गेले. दोन्ही इमारतींमध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक लहानसं फाटक. त्याला दोन कुलपं होती, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. चोरानं दोन्ही बाजूंना सारखाच न्याय दिल्यामुळे दोन्हीकडचे लोक पहिल्यांदाच एका गच्चीवर बैठकीला जमले.

“एकच राखणदार ठेवू आणि एकच पथक करू,” ग्रंथपालांच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले. “कुठेही शिट्टी वाजली की सगळ्यांनी धावायचं!”

“आणि हुकूम कोण देणार?” शेजारच्या इमारतीच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं. “तुमची माणसं आमच्या जिन्यात केव्हाही घुसणार की काय?”

मागच्या रांगेतून ग्रंथपाल चाचरत म्हणाले, “मला आपलं कुतूहल म्हणून विचारायचं होतं... दोन्हीकडे एकाच वेळी चोर आला, तर?”

सगळे वळून बघायला लागले. ग्रंथपालांनी मान खाली घातली, पण उशीर झाला होता.

“वा! नियम काकांनीच लिहावेत!” असं ठरलं आणि टाळ्याही वाजल्या.

ग्रंथपाल कामाला लागले. त्यांनी मित्रसैन्यांवरची पुस्तकं काढली. कोण कोणासाठी थांबलं, कोण आधीच पोचलं आणि मग परत जायलाच तयार नव्हतं, हे वाचताना ते जेवायचंही विसरले. अध्यक्षीणबाईंची शंका लक्षात ठेवून त्यांनी चौथा नियम फार विचारानं लिहिला: ‘पथकानं कोणत्याही इमारतीत शिरताना दोन्ही इमारतींचे सदस्य सोबत असलेच पाहिजेत.’ हा नियम सगळ्यांना इतका आवडला की तो फाटकाच्या दोन्ही बाजूंना चिकटवण्यात आला.

राखणदाराच्या गणवेशावरून मात्र एकमत होईना. शेवटी सदरा ग्रंथपालांच्या इमारतीच्या पसंतीचा निळा आणि विजार शेजारच्यांच्या पसंतीची तपकिरी, असा तह झाला. विजार कमरेत दोन राखणदार मावतील एवढी ढगळ निघाली.

रविवारी दुपारी शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरून शिट्टी वाजली. शिवणकाम करणाऱ्या मावशी बाल्कनीत उभ्या राहून जीव खाऊन फुंकत होत्या. ऊन मी म्हणत होतं.

“चोर! मावशींच्या घरात चोर शिरलाय!” कुणीतरी ओरडलं.

पथक जमलं, म्हणजे अर्धं भिंतीच्या या बाजूला आणि अर्धं त्या बाजूला.

“उघडा फाटक!” सेक्रेटरी ओरडले.

“आधी तुमचं कुलूप काढा, मग आम्ही आमचं काढतो,” पलीकडून अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“चोर तुमच्याकडे शिरलाय, बाई!”

“म्हणून तर म्हणते! तुमचा माणूस बरोबर असल्याशिवाय आम्हाला आमच्याच जिन्यात जाता येत नाही. चौथा नियम वाचा!”

“अहो, पण राखणदार कुठे आहे?”

“तो तुमच्याकडे नाही?”

“आम्हाला वाटलं तुमच्याकडे असेल!”

सगळ्यांच्या नजरा ग्रंथपालांकडे वळल्या. “काका, या परिस्थितीत नियम काय म्हणतो?”

ग्रंथपालांनी भिंतीवरचा कागद वाचला. पुन्हा वाचला. वाक्यरचना निर्दोष होती. वर मावशींच्या शिट्टीतला दम संपत आला होता. ग्रंथपालांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मी जरा... येतो,” असं पुटपुटून ते घरात गेले आणि छत्री घेऊन बाहेर आले.

“अहो, निघालात कुठे?” बायकोनं विचारलं.

“बघून येतो.”

“चोर आहे तिथे! तुम्हाला झुरळ मारता येत नाही!”

“म्हणून तर छत्री घेतलीय.”

रस्त्यावरून वळसा घालून ते शेजारच्या इमारतीत शिरले. शिरताना त्यांनी सवयीनं पाय पुसले. तिसऱ्या मजल्यावर मावशींचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडद्याआड दोन उघडे पाय दिसत होते. ग्रंथपालांनी छत्री उगारली आणि डोळे मिटून घेतले.

“बाहेर या, कृपा करून,” ते म्हणाले.

पडदा बाजूला झाला. निळा सदरा घातलेला राखणदार उभा होता. एका हातात दाराची मूठ होती. दुसऱ्या हातानं त्यानं सलाम ठोकला.

“विजार कुठे आहे?” ग्रंथपालांनी विचारलं.

“मावशींकडे, साहेब. कमरेत बारीक करायला दिली होती. दोऱ्याचा रंग उजेडात जुळवून बघते म्हणून त्या बाल्कनीत गेल्या, वाऱ्यानं बाल्कनीचं दार आपटून घट्ट बसलं. मी ओढलं तर मूठच हातात आली.”

“मग कुणाला बोलावलं का नाहीत?”

“असा जाऊ खाली? दोन्ही इमारतींसमोर?”

हे ग्रंथपालांना मनापासून पटलं. त्यांनी छत्रीचं टोक फटीत खुपसून जोर लावला. दार करकरलं, छत्रीची एक काडी मोडली, आणि मावशी विजारीसकट आत आल्या.

“एकटेच आलात?” त्या धापा टाकत म्हणाल्या. “बाकीचे कुठे आहेत?”

“येतायत. कुलपांचं ठरतंय.”

कुलपांचं ठरून पथक वर आलं, तोवर मावशींचं पाणी पिऊन झालं होतं आणि राखणदाराची विजार कमरेवर नीट बसली होती. सगळं ऐकून झाल्यावर अध्यक्षीणबाईंनी घसा खाकरला. “काका, तुम्ही आलात ते चांगलंच केलंत. पण चौथा नियम मोडलात.”

“हो,” ग्रंथपाल म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कसलीही शंका वाटत नव्हती. “मोडला.”

चौकशी होणं भाग होतं. छत्री पुरावा म्हणून समितीनं ठेवून घेतली.

घरी आल्यावर ग्रंथपाल एकही पुस्तक न उघडता टेबलाशी बसले. बायकोनं चहा आणला.

“साखर जरा जास्त हवी होती,” ते म्हणाले. ती बघतच राहिली.

संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट आत सरकवण्याआधी त्यांनी कागद काढून एकदा वाचला:

‘मित्रा, उशीर झाला, माफ कर. सैन्य एक करायला माझी हरकत नाही. फक्त त्याचे नियम माझ्यासारख्याला लिहायला देऊ नका. फाटकाला कुलूपही एकच असू दे. तू विचारलंस, आमची माणसं धावून येतील का. येतील, पण आधी बैठक होईल. मी मात्र तेवढ्यात निघालेला असेन. माझी छत्री सध्या संयुक्त समितीच्या ताब्यात आहे. दोन्हीकडच्या सह्या झाल्या की मिळेल म्हणतात. नाही मिळाली तरी येईन. नातीला सांग.’

त्यांनी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला, मग ते घराकडे वळले.