कंपनीला घातलेलं गाऱ्हाणं

गाडीच्या कंपनीला फोन लावायचा झाला की बुधोमामा आधी चपला काढतात. मग माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पूर्वेकडं तोंड करून उभे राहतात, हात जोडतात आणि सुरू करतात, "हे देवा म्हाराजा, वरच्या रानाच्या राखणदारा, खालच्या नदीच्या धन्या, आणि तू, फोनवर बसलेल्या बाये, समदी मिळून ऐका." दुकानात जो कोणी असेल त्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला नवखा माणूस गोंधळून माझ्याकडं बघतो, पण म्हणतो. मामांपुढं न म्हणायची टाप हाय कुणाची?

मामा दिग्गीकडचे, आमच्या कर्नाटकातल्या रानातल्या गावचे. चाळीस वर्षं गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. म्हणजे कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या पोरीचं लग्न जमेना, की देवापुढं उभं राहून ते बोलायचं काम मामांचं; बाकीच्यांनी नुसता हुंकार भरायचा. त्यांच्याकडं फोनला रेंज न्हाई, म्हणून ते आपली छोटी गाडी हाकत जोयड्याला माझ्याकडं येतात. गाडी त्यांच्या पोरानं, दामूनं घेतलेली. तो गोव्यात कारखान्यात असतो. बाबा, माझ्याकडं चला, म्हणून हात धुऊन मागं लागला होता. मामा म्हणाले, मग हितं देवाशी बोलणार कोण? दामू चिडला. तुमचा देवच सांभाळू दे तुम्हाला, म्हणाला, गाडीची किल्ली चौकटीच्या खिळ्याला अडकवली आणि गेला. दोन वर्षं झाली. हे इकडून फोन करीनात, तो तिकडून.

तुम्हाला वाटेल मामा स्वतःच्या गाडीची तक्रार करत असतील. छे! तसलीच गाडी आमच्या नर्सबाईंकडं हाय, शाळेच्या मास्तरांकडंही हाय. नर्सबाईंची काच वर चढत न्हाई, मास्तरांचा हॉर्न एकदा सुरू झाला की थांबत न्हाई, ह्या सगळ्याचं गाऱ्हाणं मामा घालणार. पलीकडची मुलगी कन्नडात विचारते, गाडी कुणाची? मामाही कन्नडात सांगतात, नर्सबाईंची. मग तुम्ही कोण? बोलणारा. मालक कुठं आहेत? दवाखान्यात. अरेरे, आजारी आहेत का? न्हाई, सुया टोचत्यात. एकदा ती मुलगी वैतागून म्हणाली की माझं डोकं दुखतंय, तर मामांनी काच तशीच सोडली आणि तिच्या डोक्यासाठी गाऱ्हाणं घातलं. आम्ही आपले "व्हय म्हाराजा". कुणाची तक्रार कुणाच्या नावावर चढली हे आता कंपनीला कळेना आणि मलाही कळेना.

गेल्या महिन्यात मामा आले तेव्हा गाडीचा एक दिवा फुटलेला होता आणि पुढं बांबूची फांदी अडकली होती. वळणावर स्टिअरिंग एकाएकी जाम झालं म्हणे, गाडी दरडीवर गेली. बरं झालं दरडीवर गेली. दुसऱ्या अंगाला सुप्याच्या धरणाचं पाणी होतं. हाच दोष निघाला म्हणून कंपनीनं त्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. नर्सबाईंना मेसेज आला, त्या जाऊन भाग फुकट बदलून आल्या. मामांना मेसेजच न्हाई. मी म्हटलं, मामा, आता तरी स्वतःचं गाऱ्हाणं घाला.

"आपल्यासाठी मागायचं न्हाई, बाय," मामा म्हणाले. "बोलणाऱ्याचा नेम हाय तो."

मग तुमच्यासाठी कोण मागतं? तर म्हणे, कोण न्हाई, आणि वर हसले. मला असा संताप आला! अख्ख्या गावाच्या म्हशी ह्यांनी शोधून आणवल्या आणि ह्यांच्यासाठी देवाकडं एक शब्द टाकायला कुणी न्हाई. मी त्यांच्या हातातली किल्ली घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि फोन लावला.

गाडीचा नंबर सांगितला. नेहमीचीच मुलगी होती; म्हणाली, ह्या गाडीसाठी तर चारदा मेसेज गेलाय. कुठल्या नंबरावर, विचारलं तर तिनं शेवटचे चार आकडे वाचले. मामांनी आधीचे सहा लावून सबंध नंबर हळूच म्हणून दाखवला. दामूचा नंबर. दोन वर्षांत एकदाही न लावलेला, पण पाठ. कंपनीचे मेसेज दामू उघडून तरी बघत असेल का, कोण जाणे.

मुलीनं विचारलं, त्या नंबरावर मी फोन करून सांगू, की नंबर बदलून तुमचा घालू? मी मामांकडं बघितलं. जन्मभर बोलणारा माणूस, पण त्यांना बदला म्हणवेना, लावा म्हणवेना.

मी चपला काढल्या. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत न्हाई, आणि त्या गडबडीत पूर्व कुठली तेही समजेना. झेरॉक्सच्या मशीनकडं तोंड करून हात जोडले.

"हे देवा म्हाराजा," मी म्हटलं, "ह्या बुधोनं आजवर दुसऱ्यांसाठीच मागितलं. त्याच्या गाडीचं स्टिअरिंग नीट होऊ दे. फोन त्याच्या दामूलाच लागू दे, आणि गाडी दुरुस्तीला न्यायला दामू स्वतः घरला येऊ दे. बाप एकटा पडलाय, म्हाराजा."

हुंकार भरायला दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मग फोनमधनं ती कन्नड मुलगी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आणि तिच्या मागोमाग, अगदी खालच्या आवाजात, मामाही म्हणाले.